मजलिसीत जागा करून द्या



मिंबरवर उभे राहून लोकांच्या चुका दाखविणे सोपे असते. आज माझी स्वतःची एक चूक आपल्यासमोर ठेवतो, कारण तिच्यातून मला जे शिकायला मिळाले ते माझ्यापुरते ठेवणे योग्य होणार नाही.

गेल्या शाबान महिन्यातील एका जुम्याची गोष्ट. फर्ज नमाजेची दुसरी रकअत चालू असताना मागच्या सफेत कोणाचा तरी मोबाइल वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. सलाम फिरविल्यानंतर, दुआ आटोपून, मी लोकांकडे तोंड केले आणि मशिदीच्या आदाबांविषयी चार कठोर वाक्ये बोललो. ज्यांच्या खिशात तो मोबाइल होता ते सत्तरी ओलांडलेले एक चाचा होते. ते माझ्याकडे टक लावून पाहत होते आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर मान डोलावीत होते. माझे बोलणे संपताच ते मोठ्याने म्हणाले, "बिलकुल बराबर है, मौलाना!" मशिदीत हशा पिकला. अल्लाह मला क्षमा करो, मलाही हसू आवरले नाही.

पुढच्या जुम्याला चाचा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही जुम्याला नाहीत. ते माझ्या लक्षातही आले नाही, ही माझी दुसरी चूक. रमजान सुरू झाला, तरावीहच्या वेळी खांबाजवळची त्यांची नेहमीची जागा रिकामी दिसली, तेव्हा कोठे मी विचारपूस केली आणि त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून ते मराठी वर्तमानपत्र वाचत होते. माझे सलाम त्यांना पोहोचले नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकून उठले. मी मोठ्याने बोलू लागलो, तर चाचींनी मला थांबविले आणि म्हणाल्या, "ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला, म्हणजे कळेल."

आमचे गाव यंत्रमागाचे. चाचांची पस्तीस वर्षे मागांच्या खडखडाटात गेली होती. मोबाइलची बारीक घंटी त्यांना ऐकूच येत नसे. त्या दिवशी लोक का हसले, हे त्यांना घरी आल्यावर नातवाने सांगितले होते. चाचा मला म्हणाले, "माझ्यामुळे लोकांची नमाज बिघडते, म्हणून मी घरीच पढतो." मग थोडे थांबून म्हणाले, "मौलाना, तुम्हाला या मशिदीत येऊन सात वर्षे झाली. तुमचे एकही बयान मला कळलेले नाही. तुमचे ओठ हलताना पाहतो, आणि लोक सुब्हानल्लाह म्हणतात तेव्हा मीही म्हणतो."

वाचकहो, सात वर्षांत मी साडेतीनशेच्या आसपास बयाने केली असतील. त्यांपैकी प्रत्येक बयानाला एक माणूस वेळेवर येऊन, गुस्ल करून, अत्तर लावून बसत होता आणि रिकाम्या हाताने परत जात होता. मी कधी त्याला विचारलेही नव्हते.

हजरत साबित (रजि.) यांची जागा

त्या रात्री घरी येऊन मी सूरह अल-हुजुरातच्या तफसीरची पाने उघडली. या सूरहच्या अकराव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना परस्परांचा उपहास करण्यापासून, टोमणे मारण्यापासून आणि वाईट नावांनी हाक मारण्यापासून रोखले आहे. ही आयत मी मदरशात पढलो आहे, मुलांना पढविलीही आहे. तिच्या अवतरणाची निरनिराळी कारणे मुफस्सिरांनी दिली आहेत. त्यांपैकी एक रिवायत इमाम वाहिदी (रह.) आणि इमाम बगवी (रह.) यांनी नोंदविली आहे. ती पूर्वीही माझ्या नजरेखालून गेली होती, पण तिचा अर्थ मला त्या रात्री लागला.

हजरत साबित बिन कैस (रजि.) हे मदीनेचे अन्सार सहाबी. आवाज बुलंद, वाणी प्रभावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे खतीब म्हणून ते ओळखले जात. बनू तमीमचे शिष्टमंडळ आपला वक्ता घेऊन मदीनेत आले, तेव्हा त्याला उत्तर देण्यासाठी प्रेषितांनी (स.) त्यांनाच उभे केले होते. या रिवायतीनुसार त्यांच्या कानांत जडपणा होता. म्हणून ते मजलिसीत आले की सहाबा सरकून त्यांना वाट करून देत, ते प्रेषितांच्या (स.) अगदी बाजूला जाऊन बसत आणि त्यामुळे त्यांना बोलणे ऐकू येई.

या साध्या व्यवस्थेकडे जरा लक्ष देऊन पाहा. प्रेषितांच्या (स.) बाजूला बसणे हे प्रत्येक सहाबीचे स्वप्न होते. तरीही ती जागा ज्याला तिची गरज होती त्याला मिळत असे. त्यासाठी त्याला विनवणी करावी लागत नसे.

एके दिवशी मात्र त्यांना यायला उशीर झाला. लोक आपापल्या जागी बसले होते. "जागा द्या, जागा द्या" असे म्हणत ते पुढे जाऊ लागले. एका माणसाने त्यांना अडविले : तुम्हाला जागा मिळाली आहे, तेथेच बसा. हजरत साबित (रजि.) रागातच खाली बसले. नंतर त्यांनी त्या माणसाची ओळख विचारली आणि त्याच्या आईचा असा उल्लेख केला की, अज्ञानकाळातील तिच्या बदनामीवर बोट ठेवले गेले. त्या माणसाने लाजेने मान खाली घातली. या प्रसंगी उपहास आणि टोमण्यांना मनाई करणारी आयत अवतरली, असे ही रिवायत सांगते.

येथे दोन माणसे चुकली. ज्याला ऐकू येत होते त्याने दुसऱ्याची गरज ओळखली नाही. ज्याला कमी ऐकू येत होते त्याने आपल्या दुःखाचा वचपा जिभेने काढला. अल्लाहने कोणालाही झुकते माप दिले नाही. आदेश दोघांनाही दिला. बहिरेपणाने ग्रासलेल्या घराघरांत आजही हीच दोन माणसे समोरासमोर बसलेली असतात. म्हणून पुढील मजकूर मी दोघांसाठी लिहीत आहे.

हजरत साबित (रजि.) यांच्याविषयी आणखी एक घटना सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रेषितांच्या (स.) आवाजापेक्षा आपला आवाज उंच करू नका, अन्यथा तुमची सत्कर्मे वाया जातील, अशा आशयाची आयत (अल-हुजुरात : २) अवतरली, तेव्हा ते घरात मान खाली घालून बसले. आपलाच आवाज मोठा, तेव्हा आपण नरकाचे धनी झालो, अशी भीती त्यांना वाटली. कमी ऐकू येणारा माणूस पुष्कळदा मोठ्याने बोलतो, कारण त्याचा स्वतःचा आवाजही त्याला नीट पोहोचत नसतो. ही गोष्ट ध्यानात घेतली तर त्यांची घालमेल आपल्याला अधिक कळेल. प्रेषितांना (स.) त्यांची अनुपस्थिती जाणवली. साबित कोठे आहेत, अशी त्यांनी चौकशी केली, आणि ते नरकवासी नसून स्वर्गवासी आहेत, असा शुभसंदेश पाठविला. पुढे हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या खिलाफतीत यमामाच्या युद्धात त्यांना शहादत लाभली.

प्रेषितांनी (स.) रिकामी जागा पाहिली आणि निरोप पाठविला. मी ती तीन जुमे पाहिली नाही.

कुरआनचा 'बहिरा' कोण?

काही लोक जाणता-अजाणता एक गंभीर चूक करतात. कुरआनमध्ये सत्य नाकारणाऱ्यांना बहिरे, मुके आणि आंधळे म्हटले आहे (अल-बकरा : १८), ते शब्द ते शारीरिक व्याधी असलेल्या माणसाला चिकटवितात. कोणी तर बहिरेपणाला अल्लाहच्या कोपाची खूण मानतो. हा कुरआनवर अन्याय आहे. सूरह अल-अनफालमध्ये (आयत २१ व २२) ही उपमा ज्यांना दिली आहे, ते तोंडाने आम्ही ऐकले म्हणणारे आणि प्रत्यक्षात न ऐकणारे, बुद्धी न वापरणारे लोक आहेत. सूरह अल-हज्जमध्ये (आयत ४६) स्पष्टच केले आहे की, खरे अंधत्व डोळ्यांचे नसून छातीतील हृदयांचे असते. आता आमच्या मशिदीतील त्या जुम्याकडे पाहा. कानांनी धडधाकट असलेले आम्ही सगळे हसत होतो, आणि कान गमावलेला माणूस उपदेश स्वीकारण्यासाठी मान डोलावीत होता. त्या आयतीच्या जवळ कोण होते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

घरातील 'उफ'

आता थोडे कानाविषयी. उतारवयामुळे किंवा सततच्या गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा बहुधा बारीक, उच्च स्वरांपासून सुरू होतो. 'आ', 'ओ' असे भरदार स्वर कानापर्यंत पोहोचतात; पण 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने गळून पडतात. त्यामुळे 'सात', 'हात', 'भात' हे तीन शब्द त्याला एकसारखेच वाटू शकतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. पुरुषांचे जाड आवाज त्या मानाने समजतात. सुनेचा किंवा नातवंडांचा कोवळा आवाज समजत नाही. शांत खोलीत बोलणे होऊ शकते. पंखा, टीव्ही आणि चार माणसांचा गलबला असला की होत नाही. आणि मग घरातून ते वाक्य ऐकू येते, जे बहुतेक घरांत बोलले जाते : "यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते!"

बंधूंनो आणि भगिनींनो, हा आरोप आहे आणि बहुधा तो खोटा असतो. एखाद्या वृद्धावर ढोंगाचा आळ घेण्यापूर्वी एवढी माहिती करून घेणे आपले कर्तव्य आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २३) आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही म्हातारपणास पोहोचले तर त्यांना 'उफ' सुद्धा म्हणू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे, असा आदेश आहे. आपण समजतो की, अब्बांना ऐकूच येत नाही, तेव्हा 'उफ' म्हटले काय आणि न म्हटले काय. पण ज्याचे कान मंदावतात त्याची नजर चेहऱ्यांवर खिळलेली असते. कपाळावरची आठी, सुनेने मुलाकडे टाकलेला कटाक्ष, वैतागून सोडलेला श्वास, हे सर्व त्याला दिसते.

आणि 'उफ'चा एक नवा प्रकार आपल्या घरांत रूढ झाला आहे. दस्तरखानावर सगळे हसतात. दादी विचारते, "काय झाले?" उत्तर मिळते, "काही नाही, जाऊ दे." हे उत्तर देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, त्याला फक्त कंटाळा आलेला असतो. पण ऐकणारीला त्यातून एवढेच कळते की, तिला सांगण्याइतकी ती महत्त्वाची राहिलेली नाही. असे दिवसातून पाच वेळा झाले की ती विचारणे सोडून देते. मग सगळे म्हणतात, दादी आता शांत झाली आहे.

चाची मला म्हणाल्या, "आमच्या दोघांत आता कामापुरते बोलणे उरले आहे. जेवलात का, दवा घेतली का, दार लावा. पूर्वी रात्री तासभर गप्पा चालत. आता एक गोष्ट तीनदा सांगावी लागते, मग सांगायची इच्छाच राहत नाही." त्यांच्या या थकव्याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही. बहिरेपण एकाच्या कानात असते, पण त्याचे ओझे दोघे उचलीत असतात. अशा पत्नीला किंवा पतीला घरातील इतरांनी आधार दिला पाहिजे. सारे बोलणे पोहोचविण्याचे काम तिच्या एकटीच्या माथी मारता कामा नये.

प्रेषितांची (स.) बोलण्याची रीत

कमी ऐकू येणाऱ्याशी कसे बोलावे, याचे डॉक्टर जे मार्गदर्शन करतात ते ऐकताना मला वारंवार सुन्नतच आठवते. हजरत आयशा (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) भरभर बोलत नसत, त्यांचे बोलणे इतके सुटे आणि स्पष्ट असे की, कोणी शब्द मोजू म्हटले तर मोजता यावेत. हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीनुसार, बोलणे नीट समजावे म्हणून ते एखादी गोष्ट तीन वेळा सांगत. त्यांचे वर्णन करणाऱ्यांनी सांगितले आहे की, ते कोणाकडे वळले तर पूर्ण शरीराने वळत. मान तिरकी करून, पाठ दाखवून बोलत नसत.

समोर येणे, सावकाश बोलणे, पुन्हा सांगणे. एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तरी घरातील अर्धा संताप नाहीसा होईल. ओरडण्याने फायदा होत नाही. गळालेली व्यंजने ओरडण्याने परत येत नाहीत, उलट शब्द अधिक विकृत होतो आणि बोलणाऱ्याचा चेहरा रागीट दिसतो. हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला आवाज मर्यादित ठेवण्याचा जो उपदेश केला (लुकमान : १९), तो येथेही उपयोगी पडतो. स्वयंपाकघरातून हाक मारण्याऐवजी जवळ जावे. आधी खांद्याला हळूच स्पर्श करावा किंवा नजरेस पडावे, मग बोलावे. तोंडावर हात, ओढणी किंवा घास असू नये, कारण त्याला ओठ पाहावे लागतात. एक वाक्य दोनदा सांगून कळले नाही, तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे. औषधाची वेळ, लग्नाची तारीख, पैशाचा हिशेब या गोष्टी लिहून द्याव्यात.

आणि बोलण्यासाठी शांत वेळ निवडावी. हजरत आयशा (रजि.) सांगतात की, रात्रीची नमाज झाल्यावर त्या जाग्या असल्या तर प्रेषित (स.) त्यांच्याशी बोलत बसत. उम्मतीची चिंता वाहणारे प्रेषित (स.) पत्नीशी बोलण्यासाठी वेळ काढीत होते. टीव्ही बंद करून अर्धा तास आईसमोर बसणे आपल्याला जड का व्हावे?

मुस्नद अहमदमध्ये हजरत अबू जर (रजि.) यांची एक हदीस आहे. त्यात प्रेषितांनी (स.) सदक्याचे अनेक प्रकार सांगितले आहेत. आंधळ्याला वाट दाखविणे हा एक, आणि बहिऱ्या-मुक्याला त्याला समजेपर्यंत ऐकविणे हा दुसरा. यातील 'समजेपर्यंत' ही अट मला फार मोलाची वाटते. एकदा ओरडून आपण मोकळे होतो, पण सदका तेथे पूर्ण होत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर समजल्याची खूण उमटते तेव्हा तो पूर्ण होतो. तिसऱ्यांदा सांगताना कंटाळा आला तर मनात म्हणावे की, आता सदका चालू आहे.

ज्यांना कमी ऐकू येते त्यांना

आता ज्यांना कमी ऐकू येते त्या माझ्या बुजुर्गांना आणि भगिनींना काही विनंत्या.

पहिली विनंती, न ऐकता मान डोलावू नका. खुरासानमध्ये बल्खचे हजरत हातिम (रह.) होऊन गेले, हिजरी २३७ मध्ये त्यांचे निधन झाले. ते 'असम्म', म्हणजे बहिरे, या नावाने प्रसिद्ध आहेत, पण सांगतात की ते बहिरे नव्हते. एक स्त्री मसला विचारण्यास आली असता तिच्याकडून नकळत वायू सरला आणि ती लाजेने चूर झाली. तेव्हा त्यांनी, मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येते, असे दाखविले. तिला वाटले, यांनी ऐकलेच नाही, आणि तिची लाज राहिली. ऐकू येत असून त्यांनी बहिरेपण पांघरले, ते दुसऱ्याची अब्रू राखण्यासाठी. तुम्ही ऐकू येत नसताना ऐकल्याचे दाखविता, ते स्वतःची अब्रू राखण्यासाठी. तुमची भावना मी समजू शकतो. पण त्यातून औषध चुकते, व्यवहार चुकतो, आणि कोणी तुम्हाला हसले तर तुम्हाला ते कळतही नाही. "मला कमी ऐकू येते, कृपया समोर येऊन सांगा" हे वाक्य बोलण्यात कोणताही कमीपणा नाही. हजरत साबित (रजि.) यांनी मजलिसीत जागा मागितली होती. त्यांची मागणी चुकीची नव्हती. त्यानंतर आलेला राग चुकीचा होता.

दुसरी विनंती, संशयापासून स्वतःला जपा. दोन माणसे हलक्या आवाजात बोलताना दिसली की, ती आपल्याविषयीच बोलत असावीत, असे वाटू लागते. उपहासाला मनाई करणाऱ्या आयतीच्या लगेच पुढची आयत (अल-हुजुरात : १२) अतिसंशय टाळण्याविषयी आहे. पहिली आयत ऐकू येणाऱ्यांना बजावते, तर दुसरी जणू तुम्हाला सावध करते. मनात शंका आली तर विचारा. कुढत बसू नका.

तिसरी विनंती, उपचार घ्या. सहाबांनी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची आज्ञा दिली आणि वार्धक्य वगळता प्रत्येक आजारावर अल्लाहने औषध ठेवले आहे, असे सांगितले. बहिरेपण कधी कधी केवळ कानात साचलेल्या मळामुळेही येते आणि डॉक्टर तो काही मिनिटांत काढतात. घरीच गरम तेल ओतणे किंवा काडी घालणे मात्र धोक्याचे आहे. आतल्या कानातील सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत, पण उरलेल्या श्रवणशक्तीचा श्रवणयंत्राने चांगला उपयोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, उपचार किंवा साहाय्याची गरज असलेला बहिरेपणा जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना आहे. म्हणजे तुम्ही एकटे नाही. श्रवणदोष दुर्लक्षित राहिल्यास माणूस एकाकी पडतो आणि स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो, असे वैद्यकीय अभ्यासक सांगतात.

चष्मा लावताना आपण लाजत नाही, मग कानातील यंत्राची लाज का? जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी होते. मुंबईत वांद्रे येथे महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने १९८३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था याच कार्याला वाहिलेली आहे. केंद्र शासनाच्या 'एडिप' योजनेतून गरजूंना श्रवणयंत्रे मिळतात. जकातीस पात्र असलेल्या व्यक्तीला जकातीच्या रकमेतून यंत्र घेऊन तिच्या मालकीचे करून देता येते. मोहल्ल्यातील श्रीमंतांनी याचा विचार करावा. यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो. त्या काळात सब्र हवा. वुजू करताना यंत्र काढून कानांचा मसह करावा आणि नंतर लावावे. यंत्र लावल्याने रोजा तुटत नाही. रोजात कानात औषध टाकण्याविषयी मात्र उलेमांत मतभेद आहेत. ते आपल्या मुफ्तींना विचारावे.

आणि तरुणांनो, कान ही अमानत आहे. श्रवण, दृष्टी आणि हृदय यांविषयी विचारणा होईल, असे कुरआन सांगते (बनी इस्राईल : ३६). आपण याचा अर्थ निंदानालस्ती न ऐकणे एवढाच घेतो. तो अर्थ खराच, पण अमानतीची नासधूस करणे हीही खियानत आहे. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात राहणे कानांना घातक मानले जाते, आणि इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांच्या शेडमधील आवाज त्याच्याही वर जातो. मालकांनी कामगारांना कानात घालण्याची बुचे द्यावीत. ती स्वस्त असतात. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण आपण सांगतो, मग त्याचे कान निकामी होऊ नयेत याची काळजी कोण घेणार? लग्नात आणि मिरवणुकांत, मग त्या आपल्या का असेनात, डीजेच्या भिंती उभारणाऱ्यांनीही याचे उत्तर तयार ठेवावे.

मशिदीची जबाबदारी

मुवत्तामध्ये हजरत उस्मान (रजि.) यांची एक शिकवण नोंदलेली आहे. जुम्याच्या खुत्ब्यात ते लोकांना सांगत की, शांत बसून लक्ष देणाऱ्याला, त्याला ऐकू आले नाही तरी, ऐकू येणाऱ्याइतकाच वाटा मिळतो. मी ही गोष्ट चाचांच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून त्यांना दाखविली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, "मग ती सात वर्षे वाया गेली नाहीत?" मी लिहिले, "तुमची नाही." माझ्याविषयी काय लिहावे, ते मला सुचले नाही.

सवाब अल्लाहच्या हाती आहे, तो तेथे सुरक्षित आहे. पण ज्ञान पोहोचविणे ही आमची जबाबदारी आहे. आता आमच्या मशिदीत जुम्याच्या बयानाचा मराठी सारांश एका कागदावर लिहून ठेवला जातो. पहिल्या आठवड्यात तीन प्रती काढल्या, आता अकरा लागतात. एवढ्या लोकांना ऐकू येत नव्हते आणि कोणीही बोलले नव्हते. बयान करताना मी मान खाली घालून कागदाकडे पाहत नाही. चाचांचा डावा कान अधिक बरा आहे, म्हणून पहिल्या सफेत मिंबरच्या थोडे उजवीकडे लोक त्यांना जागा करून देतात. मशिदीत कोणाची जागा मालकीची नसते आणि बसलेल्याला उठविण्यास हदीसमध्ये मनाई आहे; पण त्याच हदीसमध्ये सरकून जागा करण्याची शिकवणही आहे. मजलिसीत इतरांना जागा करून देणाऱ्यांसाठी अल्लाह विस्तार निर्माण करतो, असे आश्वासन सूरह अल-मुजादलामध्ये (आयत ११) आहे. त्यांचा मोबाइल आता नातू घरीच ठेवून घेतो.

मी भर मशिदीत बोललो होतो, म्हणून माफीही भर मशिदीत मागितली. चाचांनी कागदावरून ती वाचली आणि हसून मान डोलावली. या वेळी त्यांना ती समजली होती.

शेवटी, ज्यांच्या जगातील आवाज विरत चालले आहेत त्यांना एक गोष्ट सांगतो. सूरह अल-मुजादलाचा प्रारंभ एका स्त्रीच्या गाऱ्हाण्याने होतो. हजरत खौला (रजि.) प्रेषितांकडे (स.) आपले दुःख सांगत होत्या. हजरत आयशा (रजि.) त्याच घरात, काही हातांवर होत्या, तरीही त्यांना त्यातील काही शब्द ऐकू आले नाहीत, आणि सात आकाशांच्या वर अल्लाहने ते सारे ऐकले. मनुष्याचे ऐकणे, तरुणाचे असो की वृद्धाचे, अपुरेच आहे. तुम्हाला अजान ऐकू येत नसेल, पण सज्द्यात ओठांवर आलेली तुमची पुटपुट ऐकणारा समीअ आहे.

हे अल्लाह, प्रेषितांनी (स.) आपल्या कानांच्या आणि डोळ्यांच्या सुरक्षिततेसाठी तुझ्याजवळ दुआ केली, तीच आम्हीही करतो. ज्यांचे कान मंदावले आहेत त्यांना सब्र आणि सोबत दे. ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना जवळ बसण्याची, सावकाश बोलण्याची आणि पुन्हा सांगण्याची तौफीक दे. आमच्या मजलिसींत, आमच्या घरांत आणि आमच्या अंतःकरणांत जागा कर. आमीन.